मेजरच्या तळ्यातले हडकुळे बास

(सूचना: ही हकीकत मी वांडाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाचायला दिली ही पहिली चूक. तेव्हा तिच्या हातात पेन होतं ही दुसरी. यापुढे कंसात जे काही येईल ते तिचं आहे. खोडायला गेलो तर ती तेही लिहील.)

फोटोत मी हसतोय. मासा हातात धरून काढलेल्या फोटोत माणसाने हसलंच पाहिजे असा अलाबामात दंडक आहे. बास माशाचं तोंड जात्याच मोठं आणि उघडं, त्यामुळे माणूस आणि मासा मिळून कुठल्या तरी विनोदावर हसतायत असं दिसतं. माझ्या फोटोतला विनोद कोणता, हे मला रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर कळलं.

"होलिस," डेल्मार म्हणाला, "हा मासा आहे की मोज्याला तोंड लावलंय?"

डेल्मार हा वांडाचा भाऊ. तो गुरं पाळतो आणि मोठ्याने बोलतो.

"चांगला फूटभर लांब आहे," मी म्हणालो.

"लांब आहे रे. पण बाकीचा कुठाय? डोकं बापाचं, धड लेकराचं. खरं सांग, तू याला पकडलंस, की हाच मदत मागायला वर आला होता?"

पायऱ्यांवर हशा पिकला. पाद्रीसुद्धा हसले, आणि मग हसलो नाही असं दाखवायला खोकले. डेल्मारच्या कुरणात गुरांना पाणी प्यायला एक डबकं आहे. त्यातले बास आमच्या चर्चच्या विश्वस्तांसारखे, पोट पुढे आणि बाकीचे मागून. आणि आमचं? आमचं रीतसर सरोवर आहे. वसाहतीचं नावच हेरॉन लेक इस्टेट्स. आता हेरॉन म्हणजे बगळा, तो कुणी पाहिलेला नव्हता, आणि सरोवर म्हणजे एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस 'देव भलं करो' म्हणतो एवढं तळं. पण पाटी पितळेची आहे.

(डेल्मार आधी मला म्हणाला होता, होलिसचा फोटो चर्चच्या फलकावर लावायला देऊ नको. मी दिला.)

प्रतिज्ञा

त्याच आठवड्यात वसाहतीची वसंतातली सभा झाली. अध्यक्षा मिस ओफेलिया गॅस्किन. आमच्याकडे लग्न झालेल्या थोरल्या बाईलाही मानाने 'मिस'च म्हणतात. हे तळं खणून घेतलं ते त्यांच्या यजमानांनी, मेजर गॅस्किनांनी. मेजर गेले, आणि त्यांची खुर्ची, हातोडी आणि गोल्फची छोटी गाडी मिस ओफेलियांकडे आली. त्यांनी जाहीर केलं, की तळ्यातले मासे वाळत चाललेत, काहीतरी रोग आहे, आणि ऑक्टोबरच्या वार्षिक सभेत तळं बुजवून तिथे पिकलबॉलची मैदानं करण्याचा ठराव मताला येईल.

टाळ्या पडल्या. वसाहतीत सध्या पिकलबॉलची, म्हणजे फळीने प्लास्टिकचा चेंडू टोलवायच्या खेळाची, साथ आहे.

आता यात माझं काय जातं ते सांगतो. संध्याकाळी वांडा आणि मी मागच्या ओट्यावर बसतो. समोर तळं. मुलं मोठी होऊन आपापल्या गावी गेली, की नवराबायकोला समोर बघायला काहीतरी लागतं. एकमेकांकडे किती वेळ बघणार? पाण्याकडे बघत माणूस तासभर गप्प बसला तर त्याला शांतता म्हणतात. भिंतीकडे बघत बसला तर त्याला भांडण म्हणतात. त्या पाण्याच्या जागी टॉक-टॉक-टॉक चेंडू आले तर आमच्या संसाराचं काय होईल, याची मला खरोखर धास्ती वाटली.

(हे वाक्य मला आवडलं नाही. पण बरोबर आहे.)

मी उठलो. इथे सांगायला हवं, की मी कानाची यंत्रं विकतो आणि अर्धी वसाहत माझी गिऱ्हाईक आहे. मी सभेत उभा राहिलो की अर्धी सभा कानाकडे हात नेते आणि यंत्र बंद करते. कसं बंद करायचं ते त्यांना मीच शिकवलंय.

"ऑक्टोबरपर्यंत," मी त्या शांततेत गरजलो, "हे मासे मी जाडे करून दाखवीन!"

ऐकलं फक्त क्लाइड व्हॉर्टनने. क्लाइड माझा शेजारी आणि वसाहतीचा सेक्रेटरी. त्याचे कान चांगले आहेत. त्याने लगेच लिहून घेतलं: 'तळे समिती. अध्यक्ष: होलिस टिडवेल. सभासद: वरीलप्रमाणे.'

सल्ले (न मागितलेले)

वसाहतीतल्या बर्निसबाई म्हणाल्या, जंत झालेत. आणि कुत्र्याच्या जंतांच्या गोळ्या आणून दिल्या. पलीकडच्या गल्लीतल्या गृहस्थांच्या मते दोष मोबाईलच्या मनोऱ्याचा होता. त्यांच्या मते त्यांच्या सांधेदुखीचा दोषही त्याचाच. क्लाइड म्हणाला, "गोल्फच्या मैदानावरून औषध वाहून येतं." गोल्फचं मैदान तळ्याच्या खालच्या अंगाला आहे. "पाणी वर कसं चढेल, क्लाइड?" असं मी विचारलं, तर तो म्हणाला, "ते समितीने बघावं." समिती म्हणजे मी.

समितीने सरळ विचार केला. वाळलेल्याला काय द्यायचं? खायला द्यायचं.

मी कुत्र्याच्या खाण्याची गोणी धक्क्यावरून पाण्यात ओतली. बास ढुंकूनही बघत नाही. त्याला पळतं भक्ष्य लागतं. पण तळ्यात कासवं होती. हे मला माहीत नव्हतं. आता मी आहे हे कासवांना माहीत झालं. तिसऱ्या गोणीनंतर ती ओट्यापर्यंत यायला लागली.

(एक पायपुसण्यावर बसून दाराला धडका देत होतं. मी त्याला पोस्टमन समजून 'आले, आले' म्हटलं.)

मग पळतं भक्ष्य आणलं. बोटाएवढ्या जिवंत माशांच्या बादल्याच्या बादल्या. ते सोडले आणि पाण्यात अशी धांदल उडाली की मला वाटलं, झालं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बगळा आला. होय, हेरॉन. वसाहत स्थापन झाल्यापासून पहिला. लोक घरातल्या कपड्यांवर काठावर जमले. काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. बगळा महिनाभर राहिला, पोटाला तडस लागेपर्यंत. जाताना त्याला उडायला लांबून धावत यावं लागलं. वसाहतीच्या पत्रकात त्याचा पानभर फोटो आला. मासे होते तसेच होते.

मग खत. तळ्याला खत घालतात, पाणी हिरवं होतं, त्यावर किडामुंगी पोसते, त्यावर छोटे मासे, त्यांच्यावर मोठे. हे मी वाचलं होतं. किती घालायचं तेही पुढच्या पानावर वाचायला मिळालं असतं. चार दिवसांत तळ्याची वाटाण्याची आमटी झाली. संध्याकाळी क्लाइड फाटकाशी उभा.

"होलिस, तळ्याचा रंग वसाहतीच्या मंजूर रंगांत बसत नाही."

"तळं म्हणजे काय घर आहे?"

"घरं, कुंपणं आणि बाहेरून दिसणारे सर्व पृष्ठभाग, असा नियम आहे. तळ्याला पृष्ठभाग आहे ना?"

"आहे."

"बाहेरून दिसतो?"

"दुर्दैवाने."

"मग अर्ज कर. सोबत रंगाचा नमुना जोड."

नमुना म्हणून मी बाटलीभर तळं नेऊन दिलं. रंग समितीच्या टेबलावर ती बाटली इतके दिवस पडली की आतलं पाणी तपकिरी झालं. तपकिरी मंजूर रंगांत होता. परवानगी आली. बाटलीला.

तळं मात्र हिरवं राहिलं, आणि त्यात गळ टाकला की तोच फूटभर बास वर यायचा. मोठं डोकं, मागे शेपटी, मध्ये पोटाच्या जागी एक आठवण. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायची मला लाज वाटायला लागली. मी त्याला हळूच पाण्यात सोडायचो. सोडण्याआधी आमच्याकडे काही लोक माशाचा मुका घेतात. मी घेत नाही.

(घेतो.)

इथे एक परिच्छेद होता

त्यात मी डेल्मारकडे कसा गेलो याचं वर्णन होतं. तो परिच्छेद मी तीनदा लिहिला आणि तीनदा फाडला. थोडक्यात: गेलो.

डेल्मार कुंपणावर पाय टाकून उभा होता.

"तुझ्याकडे ब्लूगिल केवढे?" त्याने विचारलं. ब्लूगिल म्हणजे चपटे, गोल मासे. बासचं ते रोजचं जेवण.

"ताटलीएवढे!" मी अभिमानाने म्हणालो. "असे ब्लूगिल अख्ख्या जिल्ह्यात नाहीत."

"छोटे दिसतात का? बोटाएवढे?"

"छोटे… नाही दिसत."

"आणि बास? केवढाले?"

"सगळे एकाच मापाचे. फूटभर."

"मग झालं की," डेल्मार म्हणाला. "अरे, तुझ्या तळ्याला रोग नाही, गर्दी झालीय. बास एवढे माजलेत की ब्लूगिलचं पिल्लू जन्मलं की गडप. उरलेत ते म्हातारे ब्लूगिल, बासच्या घशात न मावणारे. म्हणून ते ताटलीएवढे. एका ताटावर चाळीस पाहुणे बसवलेस आणि वर विचारतोस, पाहुणे वाळले का!"

"मग मी अजून वाढू?"

"पाहुणे कमी कर."

"म्हणजे?"

"मी दर शुक्रवारी काय खातो असं तुला वाटतं?"

मी कुंपण धरलं. बास खायचा? आमच्या वसाहतीत लोक उलट्या दिशेने गाडी नेतात, कर चुकवतात, घटस्फोट घेतात. पण पकडलेला बास कुणी घरी नेत नाही. बास सोडायचा असतो. आमची मुलं आधी 'थँक यू' शिकतात, मग 'मॅम', मग बास सोडायला.

मी घरी येऊन राज्याच्या मत्स्य खात्याला फोन लावला. बराच वेळ बँजो ऐकवल्यावर एक बाई आल्या. मी सगळं सांगितलं, मेहुण्याचं मतही सांगितलं.

"तुमचे मेहुणे अगदी बरोबर बोलतायत, सर," बाई म्हणाल्या. "छोटे-मध्यम बास काढा. भरपूर काढा. दर वर्षी काढा. उरलेले आपोआप भरतील."

"ठीक आहे," मी म्हणालो. "तिथे दुसरं कोणी आहे का?"

दुसरे गृहस्थ आले. तेही डेल्मारच्याच बाजूचे निघाले.

पाटी

धक्क्यावर आणखी एक पाटी आहे. मेजर गॅस्किनांनी स्वतः लावलेली. 'इथला प्रत्येक मासा पाण्यात परत जाईल.' खाली त्यांची सही, पितळेत.

त्या पाटीखाली, भर दुपारी, मी बादली घेऊन बसलो. ऑक्टोबर तोंडावर आला होता. चोरून करायचं नाही असं ठरवलं होतं. टिडवेल घराण्यात चोरी कुणाला जमलेली नाही. पहिला बास वर आला. माझे हात सवयीने त्याला पाण्याकडे न्यायला लागले. मी हातांना म्हणालो, थांबा. हात थांबले. मासा बादलीत पडला. मला रडू आलं.

(आलं होतं. मी खिडकीतून बघत होते.)

बादली भरत आली आणि मागे गोल्फच्या गाडीची घरघर थांबली.

"होलिस टिडवेल. बादलीत काय आहे?"

"पाणी, मॅम."

"आणि पाण्यात?"

मला पाटी दिसत होती. पाटीलाही मी दिसत असणार.

"बास, मिस ओफेलिया."

त्या काठी टेकत आल्या. बादलीत वाकून बघितलं. मला वाटलं, आता काठी. पण त्या माझ्या शेजारी फळीवर बसल्या.

"लोकांना वाटतं मला ती चेंडूची मैदानं हवीत," त्या म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांकडे बघ. मला कशाला हवीत? दर शनिवारी मी इथे येते. माझी सावली पडली की हे वर येतात. त्यांना वाटतं, मेजर आले. मेजर गेले तेव्हापासून हे वाळतायत, होलिस. मला बघवत नाही. म्हणून म्हटलं, एकदाचं बुजवून टाकू."

खांबावर बसलेल्या कासवाने पाण्यात उडी मारली. त्याला कळलं असावं, की ही वेळ आपली नाही.

"ते दुःखाने नाही वाळले, मॅम," मी म्हणालो. "गर्दीने वाळले. आपण एकही मासा बाहेर काढला नाही. आपल्या दयेने त्यांना उपाशी मारलंय."

"मेजरांचा नियम आहे तो."

"हो, मॅम. पण तो कायमचा होता का?"

त्या खूप वेळ पाण्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिलो. मगाशी म्हणालो ना, त्यासाठी तर तळं असतं.

"पिल्लं सोडली होती," त्या म्हणाल्या. "बोटाएवढी. आणि दुसऱ्याच दिवशी लोक गळ घेऊन हजर. मेजर चिडले, पाटी करून आणली. मला म्हणाले, 'ओफी, जरा दम धरा म्हणावं. मासे वाढले की सगळ्यांना जेवायला घालू.'" त्यांनी पाटीकडे काठी दाखवली. "मग ते गेले. दम मात्र आम्ही धरूनच बसलो."

एकाएकी त्या उठल्या.

"गाडीत बस. बादली सांडलीस तर धुऊन द्यावी लागेल."

त्यांच्या गॅरेजमध्ये, नाताळच्या प्लास्टिकच्या हरणांमागे, एक खोकं होतं. एक माणूस आत बसेल एवढं. खोक्यावर हसऱ्या कुटुंबाचं चित्र, उन्हाने निळं पडलेलं. तळणाची कढई, गॅसच्या शेगडीसकट, लग्नाच्या पंगतीला पुरेल अशी.

"मी विचारलं होतं, एवढी मोठी कशाला? माणसं दोन. मेजर म्हणाले, 'अख्खी वसाहत आहे.' मला वाटलं, टर्की तळायचा विचार असेल. एवढी वर्षं मला वाटत होतं, टर्कीच."

खोक्याची चिकटपट्टी इतकी वाळली होती की कात्री लागली नाही. हात लावला आणि सुटली.

शेवटाच्या आधी, शेवटानंतरचं

कारण शेवट मला सभेत करायचाय, आणि हे नंतर सांगायला जागा उरणार नाही.

सभेच्या आठवड्यात मिस ओफेलिया स्वतः गळ घेऊन धक्क्यावर बसल्या, तेव्हा बाकीच्यांना घरात बसणं अवघड झालं. हात कुणाचे वळेनात. बर्निसबाई मासा बादलीत टाकायच्या, त्याची माफी मागायच्या आणि परत काढून तळ्यात सोडायच्या. त्यांना कोबी चिरायला बसवावं लागलं. मासे साफ कुणालाच करता येईनात. डेल्मारला बोलवावं लागलं. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

क्लाइडने हरकत घेतलीच. "मॅम, पाटी अजून लागू आहे."

"मेजरांचा नियम मासे वाढेपर्यंतचा होता, क्लाइड."

"तसं लेखी आहे का?"

"माझ्या तोंडी आहे."

क्लाइडने तेही लिहून घेतलं.

पुढच्या वसंतात मी त्याच धक्क्यावर गळ टाकला आणि जो बास वर आला त्याला खांदे होते, पोट होतं, आणि चेहऱ्यावर दोन वेळचं जेवण मिळणाऱ्याचा तुसडेपणा होता. फोटो चर्चमध्ये लागला. डेल्मारने तो चष्मा लावून, चष्मा काढून, दोन्हीकडून पाहिला.

"मासा बरा आहे," तो म्हणाला. "तू वाळलास."

आता दर वर्षी आम्ही पाहुणे कमी करतो. पाटी तिथेच आहे. मिस ओफेलियांनी तिच्याखाली कढई अडकवायला लोखंडी हूक ठोकून घेतलाय.

सभा

ऑक्टोबर. काठावर टेबलं. कढईत शेंगदाण्याचं तेल, मक्याच्या पिठात घोळवलेले बासचे तुकडे, त्याच पिठाची कांदा घातलेली भजी, कोबी, बर्फ घातलेला गोड चहा. तेलावर डेल्मार. मेजरांची खुर्ची कढईच्या शेजारी, रिकामी.

आधी कुणी पुढे होईना. सगळे वासाकडे बघत उभे. बास आणि ताटात? मिस ओफेलिया काठी टेकत पुढे गेल्या, गरम तुकडा बोटांनी उचलला, फुंकला आणि खाल्ला. सगळी वसाहत त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी डोळे मिटले.

"मेजरांनी मीठ जास्त घातलं असतं," त्या म्हणाल्या. मग पुसायला रुमाल शोधला, तोंड सोडून डोळे पुसले, आणि दुसरा तुकडा घेतला.

मग रांग लागली. ती रांग मोडायला पोलीस लागले असते.

माझं भाषण तयार होतं. तळ्याचं शास्त्र, बासचं वजन, दयेची व्याख्या. पाऊण तास सहज. मी घसा खाकरला. अर्ध्या सभेचे हात कानांकडे निघाले आणि अर्ध्या वाटेवर थांबले, कारण बोटं तेलकट होती. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांची यंत्रं चालू होती! मी श्वास घेतला.

"ठराव मताला," मिस ओफेलिया म्हणाल्या आणि हातोडी आपटली. "ज्यांना मेजरांचं तळं बुजवायचंय त्यांनी हात वर करा."

एका हातात ताट, दुसऱ्या हातात मासा. अख्ख्या वसाहतीत वर करायला एकही हात रिकामा नव्हता.

(एक हात वर झाला होता. होलिसचा. त्याला आणखी एक तुकडा हवा होता. क्लाइडने मत नोंदवून घेतलं. कागदोपत्री आजही मेजरांचं तळं बुजवायला निघालेला वसाहतीतला एकमेव माणूस माझा नवरा आहे. संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसतो, तळ्याकडे बघतो, आणि मी त्याला रोज त्याची आठवण करून देते.)